सिव्हिल, पर्यावरण की बांधकाम? कोकणातल्या मुलांनी शाखा निवडताना

सीईटीचा निकाल लागला की कोकणातल्या घराघरांत एक चर्चा ठरलेली असते. कॉम्प्युटर मिळेल इतके पर्सेंटाइल नाहीत, किंवा आहेत पण मन तिकडे नाही. मग एक जण म्हणतो, सिव्हिल घे. दुसरा म्हणतो, सिव्हिलला आता काय राहिलंय? मुंबईहून काकांचा फोन येतो की एन्व्हायर्नमेंटल घे, पुढे त्यालाच दिवस आहेत. ऑप्शन फॉर्मची मुदत जवळ आलेली असते आणि या नावांत नेमका फरक काय, ते मुलांना नीट कुणी सांगितलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्यांचं अजून नक्की ठरत नाही त्यांनी सिव्हिलची व्यापक पदवी घ्यावी. पर्यावरण किंवा बांधकाम व्यवस्थापनाकडे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांतून, मायनरमधून (मुख्य शाखेसोबतचा जोडविषय) किंवा पदव्युत्तर शिक्षणातून वळता येतं. ज्यांना आपल्याला काय करायचंय ते स्वच्छ दिसतंय त्यांनी थेट त्या शाखेची पदवी जरूर शोधावी. आणि दुसरं काही मिळालं नाही म्हणून सिव्हिल, या भावनेने मात्र कुणी यात येऊ नये. आपल्या पट्ट्यात पाऊस, जांभा, उतार, खाडी आणि खारा वारा हे सगळं एकाच गावात भेटतं. इथली जमीन ओळखणारे इंजिनिअर आपल्याला फार हवे आहेत.

पाया तिघांचा एकच

पदवी चार वर्षांची. कुठे तिला बी.ई. म्हणतात, कुठे बी.टेक.; नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला त्याने काही फरक पडत नाही. पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच असतं: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग, थोडं प्रोग्रॅमिंग आणि मेकॅनिक्स. दुसऱ्या वर्षी सर्व्हे, द्रवांचं यांत्रिकीशास्त्र, साहित्याची ताकद, भूशास्त्र हे विषय येतात, आणि यातले बरेचसे तिन्ही शाखांना समान असतात. वाटा वेगळ्या होतात त्या तिसऱ्या वर्षापासून. म्हणून 'चुकीची शाखा घेतली तर सगळंच फुकट' ही भीती या तिघांपुरती तरी अवास्तव आहे.

फरक समजून घ्यायला एकच काम घेऊ आणि तिघे त्याच्याकडे कसे बघतात ते पाहू.

खाडीकाठचं एक गाव, वस्ती 2000. वरची वाडी सड्याच्या (कातळी पठाराच्या) कडेला, मधली देवळाजवळ, खालची पार खाडीच्या तोंडाशी. गावात नळपाणी योजना करायची आहे. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा, म्हणजे गावाला रोज 1 लाख 10 हजार लिटर पाणी लागणार.

सिव्हिलवाला पहिल्यांदा उंची बघतो. टाकी सड्यावर बांधली तर पाणी आपोआप खाली उतरेल, हे कुणालाही कळतं. पण पाण्याच्या स्तंभाची उंची 10 मीटरने वाढली की दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोने वाढतो. खालची वाडी टाकीपासून 80 मीटर खाली असेल, तर रात्री सगळे नळ बंद असताना तिथल्या पाइपवर 8 किलोचा दाब येतो. ठेकेदाराने 6 किलो दाब सोसणारा पाइप टाकलेला असेल तर तो कुठेतरी सांध्यात फुटणारच. म्हणून उतारावर मध्ये एक छोटी टाकी बांधून दाब तोडावा लागतो, नाहीतर खालच्या टप्प्याला जाड पाइप वापरावा लागतो. शिवाय प्रत्येक वाडीच्या फाट्यावर व्हॉल्व्ह नसेल तर सगळं पाणी खालच्या वाडीला जातं आणि वरच्या वाडीत नळाला नुसती हवा येते. या एका कारणावरून कोकणात किती वाड्यांचं बोलणं बंद झालं असेल! खालच्यांनी पाणी पळवलं असं वरच्यांना वाटत राहतं, आणि खरी चूक आराखड्यात असते.

पर्यावरणवाला ज्या विहिरीतून हे पाणी येणार तिच्या काठावर उभा राहून वेगळं विचारतो: हे पाणी पिण्याजोगं आहे का, आणि मे महिन्यातही राहील का? खाडीजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल, तर त्याखाली साधारण 40 मीटर गोडं पाणी असतं. हाच नियम उलटाही लागू होतो. मोठा पंप लावून पातळी 1 मीटरने खाली नेली तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 मीटर वर सरकू शकतं. एप्रिलपर्यंत गोडी असलेली विहीर मे महिन्यात मचूळ होते ती बहुतेक यामुळे. त्याचा दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. आलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं नियोजनात धरतात. म्हणजे या गावातून रोज 88 हजार लिटर. ते जाणार कुठे? जांभ्यात असंख्य छिद्रं आणि पोकळ्या असतात. शोषखड्ड्यातलं पाणी मातीत गाळून स्वच्छ व्हायच्या आत त्यातून शेजारच्या विहिरीत पोचू शकतं. नळाने पाणी आलं आणि विहिरी बिघडल्या, तर योजना यशस्वी झाली असं म्हणता येणार नाही.

बांधकाम अभियांत्रिकीवाला कॅलेंडर उघडतो. मृग नक्षत्र 7 जूनच्या आसपास लागतं. विहिरीचं खोदकाम एप्रिल-मेमध्येच हवं, कारण पाणी तेव्हाच सर्वांत खाली असतं आणि तळ गाठता येतो. पाइपलाइनचे चर मात्र मृगाआधी खणून, पाइप टाकून, तपासून बुजवलेले हवेत. उघडा चर पहिल्या सरीत पऱ्या (ओहोळ) होऊन वाहू लागतो. वरच्या वाडीला रस्ता नाही, पाखाडी (पायऱ्यांची वाट) आहे, म्हणजे सिमेंट डोक्यावरून न्यावं लागणार. त्याला किती माणसं, किती दिवस? टाकीच्या स्लॅबचं सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला खालून दिलेला आधार) किती दिवस अडकून राहणार? मोजमाप पुस्तिकेत नोंद कधी, बिल कधी, मजुरांचे पैसे कुठून? हे गणित चुकलं की योजना दोन पावसाळे लांबते.

काम एकच आहे आणि तिन्ही बाजूंनी कुणीतरी त्याकडे बघावंच लागतं. आपल्याला या तिघांतल्या कुणाच्या जागी उभं राहायला आवडेल, एवढं मुलाला सांगता आलं तर निवड निम्मी झाली.

सिव्हिल: सर्वांत रुंद दार

सिव्हिलच्या पोटात चार-पाच मोठे विषय येतात. इमारती आणि पूल म्हणजे स्ट्रक्चर, माती आणि खडक म्हणजे जिओटेक्निकल, पाणी, रस्ते-रेल्वे, आणि शिवाय पर्यावरण व बांधकाम व्यवस्थापनाचे एक-दोन पेपर. पदवीपर्यंत हे सगळं थोडं थोडं शिकवतात. कशात रमायचं ते नंतर ठरतं.

कोकणातल्या मुलांना यातला माती-खडकाचा विषय नीट कळावा असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे त्याच्याशी जीवनमरणाचा संबंध आहे. 22 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि चिपळूण वाशिष्ठीच्या पुराखाली गेलं. अशा दरडींमागचं शास्त्र पुस्तकात आहे, आणि ते अवघड नाही. वरचा जांभा कडक आणि सच्छिद्र असतो. त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी शेडी माती असते: पांढरट, पिवळसर, हाताला साबणासारखी लागणारी. जांभ्यातून झिरपलेलं पाणी या थरावर येऊन अडतं. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढत जातो, कण एकमेकांना धरून ठेवणारं घर्षण कमी होतं, आणि एका क्षणी अख्खा उतार सुटतो. अशा उताराचा पायथा आपण घरासाठी किंवा रस्त्यासाठी उभा कापला, तर वरच्या मातीचा आधारच काढून घेतो.

यावरचे उपायही अभ्यासक्रमात आहेत. डोंगर एकदम उभा न कापता टप्प्याटप्प्याने कापणं, कापणीच्या वर आडवं गटार काढून पाणी दुसरीकडे वळवणं, भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवणं, मातीत लोखंडी सळया ठोकून ती बांधून ठेवणं. कोकण रेल्वेने हे धडे प्रत्यक्ष घेतले. रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरची ही वाट 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण खुली झाली. 90हून अधिक बोगदे, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल, हे सगळं देशाने कौतुकाने पाहिलं. पण जून 2003 मध्ये वैभववाडीजवळ रुळावर दरड आली, गाडी घसरली आणि माणसं गेली. त्यानंतर कापण्यांचे उतार सौम्य करणं, जाळ्या बसवणं, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणं आणि रात्रीची गस्त या गोष्टी कोकण रेल्वेच्या कामाचा नेहमीचा भाग झाल्या. पावसाळी वेळापत्रकात गाड्या उशिराने धावतात म्हणून आपण चिडतो. त्या उशिरामागे माती-खडकाचं सगळं शास्त्र उभं आहे.

दुसरी गोष्ट खाऱ्या वाऱ्याची. समुद्रापासून जवळ असलेल्या कुठल्याही वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतीच्या बाल्कनीखाली जाऊन वर बघा. स्लॅबचा थर सुटलेला, आतली सळई तांबूस, फुगलेली. हवेतलं मीठ काँक्रीटमधून आत शिरतं आणि सळई गंजवतं. गंजलेलं लोखंड जास्त जागा मागतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतं. याला उत्तर आयएस 456 या भारतीय मानकात आहे. साध्या, कोरड्या वातावरणात सळईवर 20 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण चालतं. किनारी हवेत 45 मिलिमीटर लागतं, लाटांचे तुषार थेट येत असतील तिथे 50, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात 75. काँक्रीटचा दर्जाही वाढवावा लागतो: किनारी हवेत किमान एम 30, भरती-ओहोटीत एम 40 (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत). साइटवर या सगळ्याची जबाबदारी एका लहानशा ठोकळ्यावर असते. सळईखाली ठेवतात तो कव्हर ब्लॉक. तो विसरला, किंवा त्याऐवजी खडीचा तुकडा सरकवला, की सळई सेंट्रिंगच्या प्लायवर जाऊन टेकते आणि पंधरा वर्षांनी बाल्कनी पडते. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी वाकून प्रत्येक ब्लॉक बघणारा इंजिनिअर मला मोठा वाटतो.

पाण्याचंही असंच. कोकणात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर लागतात. नद्या आखूड, उतार तीव्र, माती पातळ; पडलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं. कोयनेत वीज करून सुटलेलं पाणी पोफळी-कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं आणि त्यातलं बरंचसं समुद्राला जातं. ते अडवायचं कुठे, वळवायचं कसं, खारबंदिस्तीची (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे झडपेचं दार, कशी बांधायची म्हणजे भरतीचं पाणी शेतात शिरणार नाही, मिऱ्यासारख्या किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारा कसा टिकवायचा, हे सगळे सिव्हिलचेच प्रश्न आहेत. ज्यांना समुद्राचंच वेड आहे त्यांच्यासाठी आयआयटी मद्रास आणि आयआयटी खरगपूर इथे ओशन इंजिनिअरिंग आणि नेव्हल आर्किटेक्चरची पदवी आहे. ती शाखा वेगळी, पण नजरेआड करू नये.

पर्यावरण अभियांत्रिकी: झाडं लावण्यापेक्षा बरंच वेगळं

हे नाव ऐकून पालकांना वृक्षारोपण आठवतं. प्रत्यक्षात या शाखेचा गाभा आहे पाणी शुद्ध करणं, सांडपाण्यावर प्रक्रिया करणं, घनकचरा, हवेचं प्रदूषण, आणि एखाद्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याचा अंदाज. रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र इथे जोरात लागतं. बारावीत केमिस्ट्री नकोशी झालेली असेल तर ही शाखा घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

प्रयोगशाळेतली एक चाचणी सांगते म्हणजे कामाचं स्वरूप कळेल. पाण्यातली घाण मोजण्यासाठी बीओडी काढतात. बाटलीत सांडपाण्याचा नमुना घेऊन त्यात किती ऑक्सिजन विरघळलेला आहे ते मोजायचं, बाटली घट्ट बंद करून 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवायची, आणि मग पुन्हा मोजायचं. जिवाणूंनी घाण खाताना जितका ऑक्सिजन वापरला, तितकी त्या पाण्याची घाण. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असतो. नदीत सोडताना तो 30 किंवा त्याच्या खाली आणावा लागतो. तो आकडा 250 वरून 30 वर आणणं म्हणजे टाक्यांमध्ये हवा सोडून जिवाणूंची वसाहत पोसणं, तिला उपाशी किंवा अजीर्ण होऊ न देणं. यंत्र चालवणं आणि सजीव सांभाळणं या दोन्हींचं ते मिश्रण आहे.

खाडीचं पाणी बिघडलं की पहिला फटका मासेमाऱ्याला बसतो. मग कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) काढायला खाडीत उतरणाऱ्या बायकांना. लोटे-परशुरामसारख्या रासायनिक औद्योगिक वसाहतीत सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र नीट चालतं का, हा प्रश्न त्यामुळे थेट त्यांच्या चुलीशी जोडलेला आहे. किनाऱ्यावर रिसॉर्ट, जेटी किंवा रस्ता करायचा तर सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतून जावं लागतं. ही अधिसूचना पहिल्यांदा 1991 मध्ये आली आणि 2011 व 2019 मध्ये नव्याने काढली गेली. भरती जिथवर चढते त्या खाडीकाठांनाही ती लागू होते. मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजुरी लागते. हे अहवाल लिहिणारी आणि तपासणारी माणसं या शाखेतून येतात. गावाच्या जनसुनावणीत असा जाडजूड अहवाल वाचून प्रश्न विचारू शकणारी गावातलीच मुलगी असेल, तर त्या सुनावणीचा नूरच पालटेल.

आता अडचण. स्वतंत्र पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी देशात फार थोड्या ठिकाणी आहे. आयआयटी मुंबईत पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीची पदवी आहे; धनबादची आयआयटी, दिल्लीचं तंत्रज्ञान विद्यापीठ आणि अहमदाबादचं एल. डी. कॉलेज या इतर काही जागा. आणि एक गोष्ट फॉर्म भरायच्या आधी नक्की बघा: सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद यांच्या जाहिरातींत पात्रता म्हणून बहुतेक वेळा सिव्हिलची पदवी किंवा पदविका मागितलेली असते. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतही सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एवढेच गट आहेत. नुसत्या पर्यावरणाच्या पदवीवर यातली काही दारं अरुंद होतात. उलट सिव्हिल करून पर्यावरणात एम.टेक. करणं सोपं आहे. एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपरही आहे. सरकारी नोकरी डोळ्यांसमोर असेल तर मी हीच वाट सुचवेन. सल्लागार कंपन्या, उद्योगांचे पर्यावरण विभाग किंवा परदेशी शिक्षण मनात असेल, तर थेट पदवीही उत्तम.

बांधकाम अभियांत्रिकी: वेळ, पैसा आणि माणसं

इथे गवंडीकाम शिकवतात असा एक गैरसमज आहे. आराखडा कागदावर तयार झाल्यानंतर तो जमिनीवर कसा उतरवायचा, याचं हे शास्त्र. अंदाजपत्रक, निविदा, करार, यंत्रसामग्री, सुरक्षितता, दर्जाची तपासणी आणि कामांची साखळी आखणं. कुठलं काम उशिरा झालं तर सगळा प्रकल्प उशिरा होतो आणि कुठल्या कामाला आठवडाभर ढील दिली तरी चालतं, हे आधी काढून ठेवायचं असतं.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या गाड्या आणि त्यातली माणसं गेली. ती रात्र रायगड-रत्नागिरीत कुणी विसरलेलं नाही. जुन्या पुलांची पाहणी कशी व्हावी, पायाभोवतीची माती पूर कशी उकरून नेतो, हा सिव्हिलचा भाग. पण नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, जून 2017 मध्ये, वाहतुकीला खुला झाला, हे बांधकाम व्यवस्थापनाचं काम. पाया, खांब, गर्डर, स्लॅब ही कामं एकामागून एक न ठेवता जितकी शेजारी शेजारी चालवता येतील तितकी चालवली, तरच असं जमतं. त्याच मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला किती वर्षं लागली, ते आपण सगळे गणपतीत गावी येताना बघत आलो आहोत. तिथे भूसंपादन, करार, पैसा, ठेकेदार यांची गाठ पडत गेली; त्यातलं बरंचसं तांत्रिक नव्हतं.

पदवी पातळीवर ही स्वतंत्र शाखा कमीच आढळते. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात कन्स्ट्रक्शन इंजिनिअरिंगची पदवी आहे. आपल्याकडे बहुतेक जण सिव्हिल करून, दोन-तीन वर्षं साइटवर काढून मग पुण्याच्या निकमारसारख्या संस्थेत बांधकाम व्यवस्थापन शिकतात. हा क्रम मला योग्य वाटतो. साइट न बघता शिकलेलं व्यवस्थापन मुकादमासमोर टिकत नाही.

प्रवेश, फी आणि पदविकेची वाट

महाराष्ट्रात प्रवेश एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटावर आणि कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून होतो. पेपर 200 गुणांचा, त्यात गणिताचे 100. उणे गुण नाहीत, म्हणून प्रश्न कोरा सोडू नये. आयआयटी-एनआयटीसाठी जेईई. सिव्हिलचा कटऑफ कॉम्प्युटरच्या मानाने खाली असतो, त्यामुळे जितक्या पर्सेंटाइलला कॉम्प्युटरसाठी साधं कॉलेज मिळतं, तितक्यात सिव्हिलसाठी चांगल्या सरकारी संस्थेची आशा धरता येते. मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं, पुण्याचं सीओईपी 1854 चं. दोन्हीकडे सिव्हिल आहे. अंधेरीचं सरदार पटेल आणि सांगलीचं वालचंदही यादीत ठेवा. कोकणातच राहायचं तर रायगडमध्ये लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे.

दहावीनंतरचा रस्ता अनेक घरं विसरतात. रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात सिव्हिलची तीन वर्षांची पदविका करायची आणि थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा. एकूण सहा वर्षं, म्हणजे बारावीमार्गे जातात तितकीच. फरक एवढाच की पदविका हातात असताना मध्येच घरची अडचण आली तर मूल कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीला बसू शकतं, किंवा साइट सुपरवायझर म्हणून लागू शकतं. हाताला काम लागलेली पदविकेची मुलं पदवीला आल्यावर सर्व्हे आणि ड्रॉइंगमध्ये पुढे असतात, हे शिक्षक नेहमी सांगतात.

फीच्या बाबतीत दोन गोष्टी. टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा मंजूर जागांच्या 5 टक्के जादा असतात. त्यात गुणवत्तेवर शिक्षण शुल्क माफ होतं आणि त्यासाठी कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत लागतं. फॉर्ममध्ये त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, तो न भरल्यामुळे लायक मुलंही ही सवलत घालवून बसतात. दुसरी गोष्ट मुलींची. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना, कॅपमधून प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलीला साइटवर कसं पाठवायचं' म्हणून हा विषयच बंद करू नका. डिझाइन, जीआयएस (संगणकावरचे नकाशे), दर्जा तपासणी, पाणी प्रयोगशाळा ही सगळी सिव्हिलची कामं आहेत, आणि साइटवर उभ्या राहणाऱ्या मुलीही आता सर्रास दिसतात.

पगाराबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सिव्हिलची सुरुवात सॉफ्टवेअरपेक्षा कमी पगाराची असते. पहिली तीन-चार वर्षं उन्हातान्हात, धुळीत, घरापासून लांब जातात. त्यानंतर अनुभवाला किंमत येते. ठेकेदारीचा, सर्व्हेचा किंवा डिझाइनचा स्वतःचा व्यवसाय आपल्याच तालुक्यात सुरू करता येतो, ही सोय फार थोड्या शाखांत आहे. नव्या मुंबईचा विमानतळ, अटल सेतू, पालघरचं वाढवण बंदर, सगळी मोठी कामं याच किनाऱ्यावर झाली किंवा होत आहेत.

कॉलेज निवडताना इमारतीच्या रंगाकडे बघू नका. शाखेला एनबीए मान्यता (अभ्यासक्रमाचा दर्जा तपासून राष्ट्रीय मंडळ देतं ती) आहे का ते विचारा. प्रयोगशाळेत जाऊन क्यूब दाबायचं यंत्र चालतं का बघा. 150 मिलिमीटरचे ठोकळे 7 आणि 28 दिवसांनी फोडून काँक्रीट तपासतात, आणि यंत्राशेजारी फोडलेल्या ठोकळ्यांचा ढीग नसेल तर ते बहुधा नुसतं ठेवलेलं असतं. टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं सर्व्हेचं यंत्र) किती आहेत आणि सर्व्हे कॅम्प खरंच डोंगरात जातो की कॉलेजच्या मैदानावर उरकतात, ते तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. खरं उत्तर त्यांच्याकडूनच मिळतं. पर्यावरण किंवा बांधकाम व्यवस्थापनात मायनर किंवा ऑनर्स देतात का, आणि त्या विषयाला शिकवायला कायमचा माणूस आहे का, हेही त्याच फेरीत कळतं.

ऑप्शन फॉर्म भरताना आधी आवडीचा क्रम लावा, कटऑफचा अंदाज नंतर. वरच्या पसंतीची जागा मिळणार नाही असं वाटलं तरी ती वर लिहिल्याने खालची पसंती जात नाही. मात्र पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या ओळीत जिथे खरंच जायचंय तेच नाव असू द्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर हे मे महिन्यातच तहसीलला अर्ज करून काढून ठेवा. जूनमध्ये सगळा तालुका सेतू केंद्रासमोर रांगेत असतो आणि त्यात लाइट गेली की दिवस जातो.